व्हाया मनिला

आमच्या खामगावाहून रेल्वेने कुठेही जायचे म्हणजे आधी जलंब गाठावे लागते. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने इथे आले, कापसाचा बाजार आणि जलंब-खामगाव रेल्वे अशी दोन्ही उद्घाटने उरकून गेले, पण मुख्य लाइन काही आमच्या दारापर्यंत आणून दिली नाही. बारा-तेरा किलोमीटरचा एक फाटा दिला आणि म्हणाले, बसा. तेव्हापासून सरळ कुठे जाणे आम्हांला माहीत नाही. मुंबई व्हाया जलंब, नागपूर व्हाया जलंब, सासुरवाडीसुद्धा व्हाया जलंब. पण परवा मी जो प्रवास केला त्याने या सगळ्यांवर ताण केली. मी खामगावाहून निघालो आणि खामगावलाच पोचलो. अंतर पायी पंधरा मिनिटांचे. वेळ लागला सतरा वर्षे. आणि मार्ग? व्हाया मनिला.

वाचकहो, हे प्रवासवर्णन नव्हे. हा तक्रारअर्ज आहे. बँकेत बावीस वर्षे लोकांचे तक्रारअर्ज घेऊन त्यांवर गोल शिक्का मारण्यात माझी हयात गेली. आज पहिल्यांदाच मी काउंटरच्या बाहेरच्या बाजूला उभा आहे. माझी तक्रार तीन शब्दांविरुद्ध आहे. ते तीन शब्द म्हणजे, ‘आपल्यात चालत नाही.’

झाले असे, की माझा भाचा सुटीवर आला. हा बहिणीचा मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनाकडे असतो. सहा-सात महिने पाण्यावर आणि उरलेले महिने माझ्याकडे, कारण घरी बहीण त्याचे लग्न जमवत असते. आता जहाजांवर फिलिपिनो आणि आपले लोक भरपूर. याच्या जहाजावर तर निम्मे फिलिपिनो, आणि भटारखाना पूर्णपणे त्यांच्याच ताब्यात. तिथल्या स्वयंपाक्याशी याची गट्टी जमली. माणूस इंजिनाजवळ बारा तास भाजून निघाला की त्याला भटारखान्यातला माणूस देवासारखा वाटतो. त्या देवाकडून हा एक विद्या शिकून आला.

“मामा,” रात्री जेवताना तो म्हणाला, “या रविवारी मी तुम्हाले सिनिगांग खाऊ घालतो.”

सिनिगांग हा शब्द ऐकून आमच्या आईने ताटावरून मान वर केली. तिला ते एखाद्या तापाचे नाव वाटले.

“काही नाही गं आजी,” तो म्हणाला, “सार होय ते. चिंचेचं सार.”

आईचा चेहरा एकदम निवळला. वऱ्हाडातल्या कोणत्याही म्हातारीला चिंचेच्या साराविषयी वाकडे बोलता येत नाही. गोळाभात आणि वर चिंचेचे सार हे आमच्याकडे जेवणच नव्हे, तर नातेवाईक आहे. भाचा रंगात आला. म्हणाला, त्या लोकांच्या तागालोग भाषेत सिनिगांगचा अर्थ नुसता ‘शिजवलेले’. नावात मिजास नाही. चिंचेला ते साम्पालोक म्हणतात. चिंच नसली तर कैरी, नाहीतर पेरू, नाहीतर कोकणातल्या लोकांचे बिंबल, म्हणजे जे आंबट परसात असेल ते. त्यात मुळा, भेंडी, वांगे, चवळीच्या शेंगा, अरबी. पाणीही साधे नाही, तांदूळ धुतलेले दुसरे पाणी. आई म्हणाली, “चांगलेच लोक दिसतात हो. फेकत नाहीत काही.” सौभाग्यवतीने तर भेंडी आणि मुळ्याचा हिशेबही मांडला. एका मिनिटात फिलिपिन्स हा देश आमच्या भाऊबंदकीत आला.

मग मी विचारले, जे विचारायला नको होते. “आणि नुसत्याच भाज्या?”

“नाही. पोर्क.”

आमच्या घरात इंग्रजी एम.कॉम.पर्यंत चालते, त्यामुळे एक क्षण शांततेत गेला. मग सौ.ने मराठी केले. आईने हातातला घास ताटात ठेवला आणि देवघराकडे पाहिले. देवघराचे दार उघडे होते. ते सौ.ने उठून लावले.

“अरे पण,” मी समेट घडवण्याच्या दृष्टीने म्हणालो, “दुसऱ्या कशाचं करतात की नाही?”

“करतात न. मासे, झिंगे, नाहीतर...” त्याने तिसरे नाव घेतले तेव्हा रस्त्याकडची खिडकी मी स्वतः उठून बंद केली.

यानंतर सौ.ने एकच प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न म्हणजे आमच्या संस्कृतीचे सार आहे, बिनचिंचेचे. ती म्हणाली, “भांडं कोणतं वापरणार?” पाप-पुण्य, धर्म-अधर्म, आरोग्य, काही नाही. भांडे! आणि मग आईने तो शेवटचा शिक्का मारला: “आपल्यात चालत नाही.”

आता इथे मी एक खुलासा करतो, म्हणजे पुढे पत्रव्यवहार नको. आम्ही शाकाहारी नाही. आमच्याकडे बुधवारी आणि रविवारी मटण होते. ज्या बोकडाने निवडणुकीची भित्तिपत्रके, डिंकासकट आणि उमेदवारासकट, चघळून पोट भरले, तो आम्हांला चालतो. कोंबडीने उकिरड्यावर काय वेचले याची चौकशी आम्ही करत नाही. ज्यांना त्यांच्या धर्माने डुक्कर निषिद्ध सांगितले आहे त्यांच्याशी माझे भांडण नाही. त्यांचे कारण लेखी आहे. जे कुठल्याच जिवाचे मांस खात नाहीत त्यांच्याशीही नाही. त्यांचा हिशेब सरळ आहे. माझे भांडण माझ्याशी आणि माझ्यासारख्यांशी आहे, ज्यांच्याकडे कारण म्हणून फक्त हे तीन शब्द आहेत.

कारण विचारा कोणालाही, ‘आपल्यात’ म्हणजे नेमके कोणात? बँकेत पाचशे रुपयांचे खाते उघडायचे तर आम्ही आधार मागतो, फोटो मागतो, पत्त्याचा पुरावा मागतो. या ‘आपल्यात’चे केवायसी आजतागायत कोणी केलेले नाही. ना पत्ता, ना सही. तरी त्याचा चेक प्रत्येक घरात वटतो.

आणि चालत नाही म्हणजे काय? चालते काय ते तरी पाहा. एकादशीला आमच्या घरी साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा ज्या कंदाचा, तो दक्षिण अमेरिकेतला. त्यातला शेंगदाणा तिकडचाच. बटाटा तिकडचा. मिरचीही तिकडची, पोर्तुगिजांच्या जहाजातून उतरलेली. विठोबाचा उपास आणि ताटात सगळे परदेशी नागरिक! पण विठोबाने कधी व्हिसा तपासला नाही. ज्या चिंचेच्या नावाने आईचा चेहरा निवळला, ती चिंचसुद्धा मूळची आफ्रिकेची. अरबांनी तिला ‘हिंदचा खजूर’ म्हटले, त्यावरून इंग्रजी नाव पडले, आणि आपण फुकटचे श्रेय घेऊन बसलो.

बरे, हे जुने झाले म्हणावे, तर आमच्या गावातल्या कोणत्याही मंगल कार्यालयात जा. दारातच सूपचे काउंटर. तिथे मक्याच्या पिठाची खळ काळ्या सॉसमध्ये कालवून तिच्यावर तळलेल्या शेवया टाकतात आणि तिला मंचाव म्हणतात. कोणत्याही चिनी माणसाने ही वस्तू ओळखपरेडमध्ये ओळखली नसती. पण आमच्या सत्तर-सत्तर वर्षांच्या आज्या कागदी पेल्यातून ती फुंकर मारून पितात. ते आपल्यात चालते. त्याच मांडवात चिंचेचे सार ठेवा म्हटले तर केटरर चमकून पाहतो. “साहेब, लग्न आहे. सार काय ठेवता, लोक काय म्हणतील?” ही गोष्ट मी ऐकीव सांगत नाही. पुतणीच्या लग्नात माझाच हा प्रस्ताव दोन मिनिटांत निकाली निघाला होता.

तिकडे फिलिपिन्समध्ये पाहा. स्पॅनिश लोकांनी १५६५पासून १८९८पर्यंत त्यांच्यावर राज्य केले. तीनशेहून अधिक वर्षे. धर्म दिला, आडनावे दिली, तिथल्याच एका पदार्थाला ‘अदोबो’ हे नावही दिले. तो जगभर गाजला. पण तिथल्या डोरीन फर्नांडिस नावाच्या प्राध्यापक बाईंनी प्रश्न टाकला, की आमच्या देशाचा पदार्थ म्हणून त्या स्पॅनिश नावाच्या अदोबोला का मिरवायचे? आमचे आंबट सिनिगांग का नाही? ते गरिबाच्या घरी होते, श्रीमंताच्या घरी होते, परसात जे असेल ते सामावून घेते. ‘सराप’ नावाच्या त्यांच्या पुस्तकात, १९८८ सालच्या, हा लेख आहे. बाई स्वयंपाकघरात उभ्या राहून साऱ्या साम्राज्याला विचारताहेत. आणि आम्ही केटररला घाबरतो.

पुढे २०२१ साली टेस्ट अ‍ॅटलास नावाच्या जगभरच्या पदार्थांचे गुण मांडणाऱ्या मंडळींनी सिनिगांगला पहिला नंबर दिला. कोणत्या वर्गात ठाऊक आहे? भाज्यांच्या सूपांच्या वर्गात. हे मी आईला मुद्दाम वाचून दाखवले. ती म्हणाली, “मंग भाज्याच टाका.” म्हातारीशी वाद घालण्यात अर्थ नसतो, तिची बाजू नेहमी कमी शब्दांत असते.

भाचा मला म्हणाला, “मामा, आपल्या मराठी लोकांत कोणी खातच नाही का?” मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडले आणि मिटले. वसईकडचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरात मराठी बोलतात आणि सणाला डुकराचे इंद्याल करतात, व्हिनेगर घालून आंबट. गोव्यात सोरपोतेल आहे, विंदालू आहे, तेही आंबटच. कर्नाटकात कोडगू लोकांची पंदी करी आहे, ती काचमपुळी नावाच्या काळ्या आंबट अर्काशिवाय होत नाही. म्हणजे डुक्कर आणि आंबट ही जोडी काही मनिलाच्या माणसाने शोधून काढलेली नाही. चरबी आली की आंबट लागते, हे ज्याच्या चुलीवर ते शिजले त्याला न सांगता कळले. हे सगळे मी भाच्याला मोठ्या विद्वत्तेने सांगितले. वसई सांगितली, गोवा सांगितला, थेट कोडगूपर्यंत जाऊन आलो. खामगाव सांगितले नाही.

आणि आता मी त्या ठिकाणी येतो, जिथे यायचे टाळून मी इतकी पाने खर्च केली.

सोमवारी बँकेत चहाच्या वेळी मी हा किस्सा रंगवून सांगितला. किस्सा सांगण्याच्या बाबतीत आमच्या शाखेत माझा हात धरणारा कोणी नाही. देवघराचे दार, आईचा घास, ‘भांडं कोणतं’ हे सगळे मी आवाज बदलून केले. “डुकराचं सूप, राजेहो! रविवारी आमच्या घरी डुकराचं सूप!” मॅनेजर हसले, कर्जविभाग हसला, नवीन आलेली प्रोबेशनरी मुलगी तोंडाला रुमाल लावून हसली. आमचे कॅशियर नोटा मोजत होते. त्यांनी गड्डी पूर्ण मोजली, रबर लावले, आणि म्हणाले, “आमच्या घरी शिजते, भाऊ. भाच्याले घेऊन या.”

आवाजात राग नव्हता, काही नव्हते. ‘पेन द्या जरा’ म्हणावे तसे ते म्हणाले. चहा मात्र सगळ्यांचा एकदम संपला.

आता हा गृहस्थ आणि मी सतरा वर्षे एका छताखाली बसतो. माझ्या डब्यातली कैरीची डाळ त्यांनी खाल्ली, आईच्या हातचे लोणचे खाल्ले, सौ.च्या पुरणपोळीला ‘वहिनींना सांगा’ म्हणून निरोप पाठवले. आणि त्यांचा डबा? त्यांचा डबा नेहमी ‘आज आणला नाही’ असे. किंवा ते लवकर जेवलेले असत. किंवा कॅश टॅली व्हायची असे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा, हा नियम मी झोपेतही चुकत नाही. पण सतरा वर्षे एका खात्यात फक्त एकाच बाजूच्या नोंदी होत राहिल्या आणि मला एकदाही वाटले नाही, की हा ताळेबंद जुळत कसा नाही! उलट मी स्वतःला उदार समजत होतो. सगळ्यांना डबा देतो, भेद मानत नाही. देण्यात कसला आला भेद? भेद घेण्यात असतो.

शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ नावाचे पुस्तक २०१५ साली निघाले. मराठवाड्यातल्या दलितांच्या स्वयंपाकघरात काय शिजत होते त्याची नोंद त्यात आहे. २०२४ साली ते इंग्रजीतही गेले. जेवणाआधीच्या आपल्या श्लोकातल्या शब्दाला त्यांनी फक्त एक ‘अ’ जोडला. ते पुस्तक माझ्याकडे होते. मी वाचलेही होते आणि कॅशियरसाहेबांशी त्यावर बोललोही होतो, चांगले अर्धा तास, माझा डबा खाता खाता.

तर रविवारी आम्ही निघालो. गावाच्या ज्या भागाला आमच्या गल्लीत नुसते ‘तिकडे’ म्हणतात, तिकडे. भाच्याच्या पिशवीत चिंच, मुळे, भेंडी, आणि जहाजावरून आणलेली एक लहान बाटली. मी हातात कचोऱ्यांचा पुडा घेतला होता. खामगावचा माणूस कोणाकडे रिकाम्या हाताने जात नाही. आणि खरे सांगायचे तर काही जमलेच नाही तर निदान कचोरी खाता येईल असा एक कारकुनी विचारही त्या पुड्यात बांधलेला होता.

कॅशियरसाहेबांच्या आईने दारातच विचारले, “हाच का जहाजावाला?” मटण त्यांनी सकाळीच आणून, स्वच्छ करून ठेवले होते. भाच्याने पातेले चढवले. तांदळाचे धुवण, कांदा, टोमॅटो, मटणाचे मोठे तुकडे. उकळी आली की वर फेस येतो तो काढत राहायचा, मग आच मंद करायची आणि तास-सव्वा तास तिकडे पाहायचे नाही. दरम्यान चिंच वेगळ्या पाण्यात उकळून कोळायची. अरबी आधी, कारण ती विरघळून रस दाट करते. मग मुळा, मग शेंगा आणि वांगे, भेंडी अगदी शेवटी, आणि अख्ख्या हिरव्या मिरच्या न फोडता सोडायच्या. पालेभाजी आच बंद करताना. सगळे ऐकून आजी म्हणाल्या, “आणि फोडणी कधी?”

“फोडणी नसते, आजी.”

“मसाला?”

“नसतो.”

आजींनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे. सतरा वर्षांत झाले नव्हते ते त्या एका क्षणात झाले. आम्ही दोघे एका बाजूला आलो. फोडणीशिवाय रस्सा! तेलाचा थेंब नाही, जिऱ्याचा दाणा नाही! मी म्हणालो, “जहाजावर तेल परवडत नसेल.” आजी म्हणाल्या, “बिचारे.”

मग भाच्याने ती बाटली उघडली. ते लोक मीठ म्हणून माशाचे पाणी वापरतात. मासे मिठात महिनोन्महिने मुरवून जे पाणी सुटते ते. झाकण निघाले मात्र, आणि वास असा उठला की कॅशियरसाहेबांच्या पत्नी पदर नाकाला लावून मागच्या दाराशी गेल्या. आजी ओरडल्या, “अरे, काय सडलं हे? बंद कर, बंद कर बाप्पा. आपल्यात नाही चालत!”

मी त्यांचे पाय धरायचे तेवढे राहिलो. कॅशियरसाहेब इतके हसले, की सतरा वर्षांत मी त्यांना तसे हसताना पाहिले नव्हते. बँकेत ते माझ्या किश्शांना हसतात ते हसणे वेगळे, हे मला त्या दिवशी कळले. बाटली अंगणात गेली. मीठ घातले.

चिंचेचा कोळ पडल्यावर आजींनी पळीने रस हातावर घेऊन चाखला. “आंबट कमी आहे,” म्हणाल्या. आणि कोणाला न विचारता आतून अंबाडीचा निवडलेला पाला आणून मूठभर टाकला. भाचा ‘अहो, रेसिपीत...’ म्हणेपर्यंत पाला विरघळलासुद्धा. “आमी तं यात हेच टाकतो,” आजी म्हणाल्या, “तुझ्या जहाजाच्या आधीपासून.”

ताटे वाढली. भात आणि वर तो रस. आता एक प्रांजळ कबुली. मी आधी मुळा खाल्ला. मग अरबी खाल्ली. मग भेंडी. शहराबाहेरच्या वळणरस्त्याने जावे तसा मी ताटाच्या कडेकडेने फिरत राहिलो. तर्कशास्त्र, इतिहास, साबुदाणा, मंचाव, सगळी शस्त्रे मी परजून आलो होतो; आता समोर एक तुकडा होता आणि माझा घसा काही ऐकेना. चाळीस वर्षे एखाद्या गोष्टीला नाक मुरडले की नाकाला ती सवय लागते, नाक युक्तिवाद ऐकत नाही. कोणी माझ्याकडे पाहत नव्हते. मुद्दाम पाहत नव्हते, हे मला कळत होते, आणि तेच अवघड होते.

मग मी खाल्ला. मऊ होता. चिंचेने आणि अंबाडीने त्याचा तेलकटपणा कापून काढला होता. रस म्हणाल तर तोंडाला पाणी सुटावे असा, चैत्रातल्या दुपारी दोन वाट्या प्यावा असा. चरबीचा भाग मात्र मला जमला नाही. उगाच का खोटे बोला! मी तो कडेला सारला. आजींनी पाहिले. म्हणाल्या, “राहू द्या, पहिल्यांदा नाही जमत. यालेही लहानपणी नव्हतं जमत,” आणि कॅशियरसाहेबांकडे बोट दाखवले. मी दुसऱ्यांदा भात घेतला. रस तिसऱ्यांदा. कचोऱ्यांचा पुडा तसाच राहिला. तो नंतर शेजारच्या मुलांनी संपवला.

इथे हा लेख संपवता आला असता तर मला आवडले असते, कारण इथपर्यंत मी बराच शूर दिसतो. पण परतताना गल्लीच्या तोंडाशी आमच्या शेजारचे निवृत्त हेडमास्तर भेटले. त्यांना जगातल्या प्रत्येक माणसाच्या जेवणाची चौकशी असते. “काय, कुठे दौरा? जेवण झालेलं दिसतं.”

“हो,” मी म्हणालो, “सिनिगांग.”

“म्हणजे?”

“फिलिपिन्सचं सूप असतं. जगात पहिला नंबर आहे त्याचा.”

“वा!” हेडमास्तर म्हणाले, “तुमचं बुवा सगळं आंतरराष्ट्रीय.”

भाचा माझ्याकडे पाहत राहिला. हेडमास्तर गेल्यावर तो म्हणाला, “मामा, कुठे खाल्लं ते नाही सांगितलं तुम्ही.” मी म्हणालो, त्यांनी विचारले नाही. हे खोटे होते, त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता. आणि ‘काय खाल्लं’ तेही मी मराठीत सांगितले नाही. मनिलाचे तिकीट होते म्हणून माझे तोंड उघडले. तिकीट नसते तर मी वरण-भात म्हणालो असतो. म्हणजे पंधरा मिनिटांवरच्या घरी जे तीन पिढ्या शिजते आहे, ते सात समुद्र फिरून, परदेशी नाव लावून आणि नंबर मिळवून आले तरच मला ते गल्लीच्या तोंडाशी उच्चारता येते. हेडमास्तरांना तरी कशाला बोल लावू! मंचावचा पेला माझ्याही हातात असतोच की.

घरी सौ. दारातच उभी होती. तिने काही विचारले नाही. मीच म्हणालो, “भांडं त्यांचंच वापरलं.”

“ते मला माहीत आहे,” ती म्हणाली. मग भाच्याने तिला सगळे सांगितले. अंबाडीचे, बाटलीचे, फोडणीचे. फोडणी नसते हे ऐकून ती हळहळली. आई आतून सगळे ऐकत होती. बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला, “अंबाडी कोणती? लाल की हिरवी?” भाच्याला माहीत नव्हते. “इचारून ये मंग,” आई म्हणाली. याचा अर्थ काय घ्यायचा ते अजून आमच्या घरात ठरलेले नाही.

दोन दिवसांनी सौ. म्हणाली, “त्यांना जेवायला बोलवायला पाहिजे. सगळ्यांना. आईंनाही घेऊन.” मी म्हणालो, डबा तर ते माझा रोजच खातात. ती म्हणाली, “डबा वेगळा आणि पाट वेगळा.” बाईमाणसाला वाणिज्य न शिकता हिशेब कळतो. आमच्या आईने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. तिने फक्त वार विचारला. येत्या गुरुवारी सुटी आहे, पण तिचा गुरुवारचा उपास असतो, म्हणून सोयीचे म्हणून फराळाचेच करावे असे ठरू लागले.

“आधी विचारून या,” सौ. म्हणाली, “त्यांच्यात काय चालत नाही ते. उगाच पंचाईत नको.”

मी बँकेत गेलो. कॅशियरसाहेब डबा उघडून बसले होते. मी त्यांच्या डब्यातली एक भाकरी उचलली आणि विचारले.

त्यांनी बराच विचार केला. “तसं सगळंच चालते, भाऊ,” ते म्हणाले. “फक्त साबुदाणा नको. आईले बाधते.”